दोर धरणारी माणसे

दक्षिण ध्रुवखंडाच्या काठी, मॅकमर्डोच्या सामुद्रधुनीत, ऑक्टोबर महिन्यात समुद्र गोठून इतका घट्ट झालेला असतो की त्याच्या पाठीवरून अवजड वाहने जातात, त्यावर झोपड्या उभ्या राहतात, आणि नव्याने आलेल्या माणसाला आपण भूमीवर नसून पाण्यावर उभे आहोत हे सांगूनही पटत नाही. अशा एखाद्या झोपडीत शिरावे तर एका कोपऱ्यात शेगडी धगधगत असते, खुंट्यांवर ओले पोशाख वाळत असतात, आणि लाकडी तक्तपोशीच्या मधोमध सव्वा मीटर व्यासाची एक वाटोळी विहीर असते, जिची भिंत दोन मीटर जाडीच्या बर्फाची आणि जिचे पाणी उणे १.९ अंश सेल्सिअस, म्हणजे गोडे असते तर केव्हाच दगड होऊन गेले असते इतके थंड. विहिरीच्या काठाशी एक माणूस बसलेला असतो. पाण्यावर फुटणारे बुडबुडे आणि मनगटावरचे घड्याळ यांवर त्याची नजर आळीपाळीने फिरत असते. पाण्यावर बर्फाची साय धरू लागली की मोठ्या झाऱ्याने तो ती काढून टाकतो आणि पुन्हा आपल्या जागी बसतो. त्याच्या पायांखाली वीस-पंचवीस मीटरांवर त्याचे दोन सोबती काम करीत असतात.

ध्रुवीय पाणबुड्यांच्या तुकडीचा परिचय करून देताना पाण्यात उतरणाऱ्यापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे, आणि धाडसाच्या कथांची गोडी ज्याला आहे त्याला तो योग्यही वाटेल. मला मात्र या काठावर बसलेल्या माणसापासून आरंभ करावासा वाटतो. या विद्येचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळताना वारंवार असे आढळते की खाली जाणारा आणि वर थांबणारा यांच्यामध्ये जो अलिखित करार असतो, त्याच्या जिवावरच ही विद्या वाढली; आणि कित्येकदा तर ज्याने आज दोर धरला त्याच्याच हातून उद्याचा मोठा शोध लागला.

हा करार फार जुना आहे. आपल्याकडच्या नथींत आणि तन्मण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपले गेलेले बसऱ्याचे मोती इराणच्या आखातात बुडी मारणाऱ्यांनी काढलेले असत आणि मुंबईच्या बाजारात विकावयास येत. त्या आखातातील होड्यांवर बुडणाऱ्याबरोबर त्याला दोराने वर ओढणारा नेमलेला असे. दोघांच्या कामांना अरबी भाषेत स्वतंत्र नावे होती, आणि मोसमाअखेर हिशेबाची वही उघडली म्हणजे बुडणाऱ्याच्या वाट्याच्या शेजारी ओढणाऱ्याचाही वाटा, थोडा कमी परंतु ठरलेला, मांडलेला असे. कोकणपट्टीतही पंख्यात गुंतलेले जाळे सोडवण्यासाठी एखादा खलाशी होडीखाली शिरतो, तेव्हा तांडेल कुणाला तरी कठड्यापाशी उभे करतो, आणि खालचा माणूस वर येईपर्यंत त्याने अन्य कशातही मन घालावयाचे नसते. पाणबुड्या हा आपला शब्द एकवचनी असला तरी त्या शब्दामागे माणसे दोन असतात.

दक्षिण ध्रुवप्रदेशात पहिली बुडी मारली ती एका सुताराने. एरिख फॉन ड्रिगाल्स्की यांच्या आधिपत्याखाली 'गाउस' हे जर्मन जहाज १९०१ साली दक्षिणेकडे निघाले आणि १९०२ च्या फेब्रुवारीत बर्फात असे अडकले की पुढले जवळजवळ एक वर्ष त्याला तेथून हलता आले नाही. त्या सक्तीच्या मुक्कामात, त्याच वर्षी, विली हाइनरिख नावाचा जहाजावरचा सुतार जहाजाच्या कामासाठी पाण्यात उतरला. त्या काळचा पाणबुड्याचा सरंजाम आज संग्रहालयांत पाहावयास मिळतो: धातूचे गोल शिरस्त्राण, शिशाचे तळ ठोकलेले जोडे, आणि श्वासाची हवा पुरवणारी लांब नळी, जिच्या वरच्या टोकाशी दोघे-तिघे खलाशी हातपंपाचा दांडा खालीवर करीत उभे असत. खालच्या माणसाचा प्रत्येक श्वास वरच्यांच्या दंडांतून येई. त्यांचे हात थांबले तर त्याचा श्वास थांबे, आणि हे दोघांनाही ठाऊक असे. ड्रिगाल्स्की यांनी पुढे बर्फावर राखेचा व काळ्या केरकचऱ्याचा लांब पट्टा पसरवला, त्या काळ्या रंगाने उन्हाळ्यातले ऊन शोषून घेतले, बर्फ वितळून वाट पडली आणि १९०३ च्या फेब्रुवारीत जहाज मोकळे झाले. ही युक्ती पुस्तकांतून पुष्कळांनी सांगितली आहे. सुताराची बुडी मात्र बहुतेक काळ मोहिमेच्या दप्तरातच पडून होती.

त्यानंतरच्या चार दशकांविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. १९४७ सालच्या पहिल्याच दिवशी अमेरिकन नौदलाच्या 'हायजंप' मोहिमेतील दोघांनी प्राणवायूची यंत्रे लावून अंटार्क्टिकच्या पाण्यात बुडी मारली, पण तो मामला लष्करी होता. शास्त्राच्या कामी पाणबुड्या यावयास दोन गोष्टी आधी घडाव्या लागल्या. पहिली म्हणजे १९४३ साली झाक-इव कुस्तो आणि एमिल गान्याँ या फ्रेंच जोडीने सिद्ध केलेले 'अॅक्वालंग' नावाचे श्वसनयंत्र. हवेची टाकी पाठीवर आली, वरच्या पंपाला बांधून ठेवणारी नळी नाहीशी झाली, आणि माणूस पाण्यात माशासारखा मोकळा झाला. परंतु नळीबरोबर वरच्या माणसाचा हातही सुटला, आणि या मोकळेपणाची किंमत कित्येकांनी प्राणांनी दिली. म्हणून दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियातील ला होया येथील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनराड लिंबॉ यांनी १९५१ च्या सुमारास संशोधकांना पाण्याखाली काम करण्याचे पद्धतशीर शिक्षण देण्यास प्रारंभ केला. एकट्याने उतरू नये, आधी परीक्षा द्यावी, प्रत्येक बुडीची वेळ आणि खोली रोजनाम्यात लिहावी, असे जे दंडक आज जगभरच्या विद्यापीठांत चालतात, त्यांचे मूळ या शिक्षणक्रमात आहे. तुटलेल्या नळीच्या जागी शिस्तीचा दोर बांधण्याचा तो प्रयत्न होता. लिंबॉ स्वतः १९६० साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्-मियूच्या जलमग्न गुहेत, बाहेर पडण्याची वाट न सापडल्यामुळे मृत्यू पावले. डोक्यावर छप्पर असलेल्या पाण्यात सरळ वर येण्याचा मार्ग नसतो. ज्या दाराने आत गेलो तेच दार परत सापडले पाहिजे, ही अट गुहेला आहे तशीच बर्फालाही आहे. आणि त्यांच्या मृत्यूनंतर एकाच वर्षाने त्या बर्फाच्या छपराखाली शास्त्रज्ञ नियमाने उतरू लागले.

मॅकमर्डोचे ठाणे अमेरिकनांनी १९५५-५६ च्या मोसमात रॉस बेटावर वसवले. तेथून हाकेच्या अंतरावर कॅप्टन स्कॉट यांच्या 'डिस्कव्हरी' मोहिमेने १९०२ साली उभारलेली लाकडी झोपडी अद्याप उभी आहे. १९५७-५८ चे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष, १९५९ साली झालेला आणि १९६१ साली अमलात आलेला अंटार्क्टिक करार, यांमुळे त्या मुलखावर बंदुकीऐवजी प्रयोगशाळेचा अंमल बसला आणि विद्यापीठांतील माणसे तेथे येऊ लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड वोल्श्लाग हे ध्रुवीय माशांचा अभ्यास करीत होते. त्यांच्या पथकातील व्हर्न पेकहॅम यांनी १९६१ मध्ये बर्फाला पाडलेल्या भोकांतून शास्त्रीय कामासाठी पस्तीस बुड्या मारल्याची नोंद आहे, आणि १९६४ साली 'पोलर रेकॉर्ड' या नियतकालिकात त्यांनी वर्षाच्या सर्व ऋतूंत चाललेल्या या बुड्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सर्व ऋतूंत म्हणजे काय, हे समजण्यासाठी एवढे ध्यानात घ्यावे की त्या अक्षांशावर एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही.

पेकहॅम खाली असताना वर कोण असे? प्रसंगोपात्त त्यांची राखण करणाऱ्यांत दोन तरुणांची नावे नोंदलेली आहेत: आर्थर डिव्हरीस आणि जेरल्ड कूयमन. दोघेही तेव्हा शिकाऊ होते, मोठ्यांच्या हाताखाली पडेल ते काम करणारे, आणि बर्फावर तासन्‌तास उभे राहून एका काळ्या भोकाकडे पाहत राहणे हे त्या कामांपैकी एक. त्या भोकाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात कोणते प्रश्न येत असतील, हे मी केवळ कल्पनेने सांगू शकतो. पण या दोघांनी पुढे आयुष्यभर ज्या प्रश्नांचा पाठपुरावा केला, ते दोन्ही प्रश्न त्या भोकातूनच वर आलेले दिसतात.

डिव्हरीस यांचा प्रश्न माशांचा होता. सामान्य समुद्रातील माशाचे रक्त शून्याखाली एका अंशापर्यंतही न जाता गोठू लागते, आणि मॅकमर्डोचे पाणी तर उणे १.९ अंशांवर असते, शिवाय त्यात बर्फाचे बारीक स्फटिक तरंगत असतात, जे माशाच्या कल्ल्यांना आणि अंगाला क्षणोक्षणी लागतात. तरीही तेथील मासे सुखाने पोहतात. डिव्हरीस यांना त्यांच्या रक्तात शर्करायुक्त प्रथिनांचा एक वर्ग सापडला, जो बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकाला चिकटतो आणि त्याला मोठा होऊ देत नाही. १९६९ साली वोल्श्लाग यांच्यासह त्यांनी हा शोध जाहीर केला, आणि आज सजीवांच्या गोठण्यासंबंधी जेथे जेथे विचार होतो तेथे त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

कूयमन यांचा प्रश्न सीलचा. वेडेल जातीचा सील हा बर्फाखालचा खरा पाणबुड्या. बर्फाचे भोक बुजू नये म्हणून तो ते दातांनी कुरतडून मोकळे ठेवतो, आणि श्वासापुरता वर येऊन पुन्हा नाहीसा होतो. तो किती खोल जातो, किती वेळ राहतो, हे सांगणारे साधन कोणापाशी नव्हते. कूयमन यांनी १९६० नंतरच्या त्या वर्षांत एक यंत्र तयार केले, ज्याचे हृदय म्हणजे स्वयंपाकघरात अंडी उकडताना वेळ लावण्यासाठी वापरतात तसले चावीचे घड्याळ. त्या घड्याळाने काजळी धरलेली काचेची चकती फिरे, पाण्याच्या दाबाने हलणारी सुई त्या काजळीवर रेघ ओढी, आणि रेघ जितकी दूर सरके तितका सील खोल गेला असे वाचता येई. ते यंत्र परत मिळवण्याची युक्ती तर त्याहून सुंदर होती. सीलला अशा ठिकाणी नेऊन सोडावयाचे की जेथे मैलभर परिसरात दुसरे भोक नाही. म्हणजे तो कितीही लांब गेला तरी श्वासासाठी याच एका भोकाशी परत येणार, आणि काठावर वाट पाहत बसलेला माणूस त्याच्या पाठीवरून चकती काढून घेणार. काही वर्षांपूर्वी पेकहॅमसाठी भोकाशी बसलेला तरुण आता सीलसाठी बसला होता. वेडेल सील सहाशे मीटरांच्या आसपास जातो आणि तासाहूनही अधिक काळ श्वासावाचून राहू शकतो, हे ज्ञान या वाट पाहण्याच्या मार्गाने जगाला मिळाले.

या बुड्यांचे तंत्र हळूहळू ठरत गेले. प्रथम बर्फाची जाडी आणि भेगा तपासणारा जातो, मग यंत्राच्या प्रचंड गिरमिटाने भोक पाडले जाते, आणि शक्य तेथे आणीबाणीसाठी दुसरेही पाडून ठेवले जाते. भोकातून तळापर्यंत वजन लावलेला दोर सोडतात. त्यावर रंगीत निशाणे आणि लुकलुकणारे दिवे बांधलेले असतात, आणि एक जादा हवेची टाकीही टांगलेली असते. वसंताच्या आरंभी, पाण्यातील सूक्ष्म वनस्पती वाढण्यापूर्वी, मॅकमर्डोचे पाणी इतके निर्मळ असते की दोनशे-तीनशे मीटरांवरचे दिसते, आणि म्हणून तेथे पाणबुडे बहुधा अंगाला दोर न बांधता उतरतात व परतताना त्या दिव्यांकडे पाहत येतात. डिसेंबरात हेच पाणी गढूळ होते. मग बुड्यांची रीत बदलावी लागते, अंगाला पुन्हा दोर बांधावा लागतो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाशी पुन्हा कुणाचा तरी हात येतो.

थंडीचा पहिला हल्ला फुप्फुसांवर होत नाही, यंत्रावर होतो. टाकीतील दाबलेली हवा मोकळी होताना अधिकच गार होते, श्वासातील ओल त्या गारठ्याने झडपेवर गोठते, झडप उघडीच राहते, आणि टाकीतील हवा सोसाट्याने वाहून जाऊ लागते. यास्तव जुने पाणबुडे दोन नळ्यांच्या यंत्रावर फार काळ विसंबून राहिले, कारण त्यात बाहेर टाकलेला श्वास झडपेपासून दूर जातो. नवे पाणबुडे दोन स्वतंत्र यंत्रे जोडून उतरतात, आणि पाण्यात शिरण्यापूर्वी त्यांतून एकही श्वास घ्यावयाचा नाही हा दंडक पाळतात. पोशाखाचेही असेच. १९६० नंतरच्या दशकात पुष्कळांनी रबरी फेसाच्या, पाणी आत घेणाऱ्या पोशाखांत हे काम केले. पुढे अंग कोरडे राखणारा, आत लोकरीचे कपडे घालता येणारा पोशाख आला आणि बुडीचा अवधी वाढला. हात मात्र आजही हरतात. जाड हातमोज्यांतील बोटे अर्ध्या-पाऊण तासात काष्ठवत होतात, चिमट्याने उचलायचे प्राणी निसटू लागतात, आणि बहुतेक वेळा हवा संपण्यापूर्वी बोटांनी हार मानली म्हणून बुडी संपते. वर आल्यावर ओठ बधिर झालेले असल्याने शब्द नीट उमटत नाहीत. अशा वेळी त्याच्या पाठीवरची टाकी उतरवणारा, कंबरेचे शिसे सोडणारा, हातात ऊन पेला देणारा हाच तो काठावरचा माणूस. कधी कधी भोकात वर येऊ पाहणाऱ्या पाणबुड्याआधी एखादा सील धापा टाकीत येऊन पोचतो. तेव्हा पाणबुड्याने बाजूला होऊन वाट पाहावयाची असते, कारण सीलचा श्वास संपत आलेला असतो आणि पाणबुड्यापाशी टाकी असते. मला हा शिरस्ता फार आवडला.

हे सर्व केवळ मॅकमर्डोत घडले असे नव्हे. दक्षिण ऑर्कनीतील सिग्नी बेटावर ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ १९६२ पासून पाण्याखाली जाऊ लागले. प्रॉप, ग्रुझोव आणि पुश्किन हे तिघे जीवशास्त्रज्ञ १९६५ मध्ये सोव्हिएत मोहिमेबरोबर निघाले आणि त्यांनी मिर्नी ठाण्याजवळ बर्फाखालील जीवसृष्टीची पाहणी केली. उत्तरेकडे, कॅनडाच्या रेझोल्यूट परिसरात, जोसेफ मॅकइनिस या वैद्याने १९७२ साली बर्फाखाली पारदर्शक घुमटाची एक लहानशी कुटी बसवली आणि १९७४ साली ते प्रत्यक्ष उत्तर ध्रुवाखाली उतरले. स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंड येथे, जेथे भारताचे 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून आहे, त्याच कॉन्ग्सफ्योर्डच्या पाण्यात जर्मन पाणबुडे समुद्री शैवालांच्या वनांचा अभ्यास करीत आले आहेत. आणि आमचे वैज्ञानिक त्याच फ्योर्डमध्ये २०१४ पासून पाण्याखाली मोजमापाची यंत्रे नांगरून ठेवतात. दक्षिणेकडे जाणारी आपली पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून निघाली, ही गोष्ट गोमंतकातील वाचकांना सांगावयास नको. पुढे गोव्यातच ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. उष्ण कटिबंधातील एका बंदराने ध्रुवाशी हे नाते जोडले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

दुःखाचीही नोंद केली पाहिजे. २००३ च्या जुलैत, ब्रिटिशांच्या रोथेरा ठाण्यापाशी, पाण्याच्या पृष्ठभागाशी राहून काम करणाऱ्या एका तरुण संशोधिकेला बिबट्या-सीलने खाली ओढून नेले आणि तिचा अंत झाला. सहकाऱ्यांनी तिला वर आणले, तिला जगवण्याची शिकस्त केली. यश आले नाही. तेव्हापासून पाण्यात माणूस उतरण्यापूर्वी त्या जनावरासाठी टेहळणी करणे, ते दिसताच सर्वांना बाहेर काढणे, याविषयीचे नियम अधिक कडक झाले. वर थांबणाऱ्या माणसाच्या कामात आणखी एका पहाऱ्याची भर पडली.

आता ज्या कामासाठी हा सारा खटाटोप, त्यातील एकाची हकीकत सांगतो, कारण तिच्याइतकी या माणसांची ओळख करून देणारी दुसरी मला ठाऊक नाही. पॉल डेटन हे १९६० नंतरच्या दशकात मॅकमर्डोला आले. गॉर्डन रॉबिलियर्ड आणि इतर सोबत्यांसह त्यांनी तळाचे जे चित्र रेखाटले ते असे: सुमारे पंधरा मीटरांपर्यंत तळ जवळजवळ ओसाड, तेथून सुमारे तेहतीस मीटरांपर्यंत समुद्रफुलांसारख्या प्राण्यांची आणि मऊ प्रवाळांची वस्ती, आणि त्याखाली स्पंजांचे दाट रान. या पट्ट्यांचे कारण त्यांना बर्फातच सापडले. गोठणबिंदूहूनही किंचित गार झालेल्या पाण्यात तळावरच बर्फाच्या पापुद्र्यांचे झुबके धरतात, ते वाढत वाढत एक दिवस तरंगू लागतात, आणि त्यांत सापडलेले तारामासे, स्पंज, दगड यांना घेऊन वरच्या छपराला जाऊन चिकटतात. तेहतीस मीटरांखाली हे बर्फ धरत नाही, म्हणून तेथेच स्पंजांना दीर्घायुष्य लाभते. छपरातून खाली लोंबणाऱ्या, खारट पाण्याच्या धारेभोवती धरलेल्या बर्फाच्या पोकळ नळ्यांचेही वर्णन डेटन यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९७१ साली केले आहे.

त्या रानातील सर्वांत मोठा स्पंज म्हणजे अॅनॉक्सिकॅलिक्स जौबिनी. माणसाहून उंच, दोन मीटरांपलीकडे वाढणारा, ज्वालामुखीच्या मुखासारखे तोंड उघडे असलेली पांढुरकी रांजणाकृती. तो किती वर्षांत एवढा होतो, हे जाणण्यासाठी डेटन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६७ ते १९७५ या काळात रॉस समुद्राच्या दक्षिण भागात अनेक ठिकाणी तळावर कृत्रिम आधार ठेवले, की त्यांवर स्पंजाची पिल्ले येऊन बसावीत आणि त्यांची वाढ मोजता यावी. मग पाहणे सुरू झाले. दरवेळी नवे भोक, नवी झोपडी, काठावर नवा माणूस, आणि खाली तोच रिकामा आधार. एकंदर बावीस वर्षांच्या अवधीत त्या आधारांवर या स्पंजाचे एकही पिल्लू बसलेले दिसले नाही, वाढ तर दूरच. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात बावीस वर्षे रिकामे पान लिहिणाऱ्या माणसाला घरी पाठवले असते; या विद्येत मात्र ते रिकामे पानही जपून ठेवले गेले, आणि ते जपले गेले म्हणूनच पुढच्या पानाला अर्थ आला.

२००४ साली पाणबुडे त्या जागी पुन्हा उतरले तेव्हा आधार ओळखू येईनात. ज्यांवर काहीच नव्हते त्यांतल्या कित्येकांवर आता स्पंजच स्पंज वाढले होते, आणि कित्येक चांगले मोठे होते. ज्याच्या वाढीला शतके लागत असावीत असा समज होता, त्याने एका तरुण संशोधकाच्या पदवीपासून निवृत्तीपर्यंतच्या काळातच बसून, वाढून दाखवले होते. २०१० साली पुन्हा पाहणी झाली, छायाचित्रे घेतली गेली, मोजणी झाली. समुद्रात, अन्नात, बर्फात काय बदलले असावे याविषयीचा विचार त्यानंतर सुरू झाला आणि तो अद्याप चालू आहे.

या पाहणीचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या माथ्यावर दहा-बारा जणांची नावे आहेत. पहिले नाव डेटन यांचे. पुढल्या ओळीत, साठ-सत्तरच्या दशकांत त्यांच्याबरोबर त्या भोकांतून उतरलेले रॉबिलियर्ड. आणि दोघांच्या मध्ये व मागे अशी नावे, ज्यांतील काहींचा जन्म ते आधार तळावर ठेवले गेल्यानंतरचा असावा. कोण खाली गेले होते आणि कोण काठावर बसले होते, हे त्या यादीवरून कळत नाही.